प्रोस्टेट कॅन्सर : उपचार डॉक्टर करतील, पण निवड कोण करणार?

आपल्याकडे पुरुषाला हृदयविकार झाला की तो चार लोकांना सांगतो. शुगर तर तो चहा पिता पिता सांगतो. पण प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की "लघवीचा जरा त्रास आहे" एवढेच म्हणून विषय बदलतो. बायकोला अर्धे माहीत असते, मुलाला रिपोर्टापुरते माहीत असते आणि भावकीला कळते ते थेट शेवटी. हे मौन ही खासगी बाब आहे असे समजून आपण सोडून देतो. माझे म्हणणे असे की हे मौन खासगी राहिलेले नाही. त्याची किंमत पुढचा रुग्ण मोजतो, कारण या आजारात उपचार अनेक आहेत, प्रत्येकाची भरपाई शरीराला वेगळी द्यावी लागते, आणि ती भरपाई काय असते हे ज्यांनी दिली आहे तेच नीट सांगू शकतात.

आधी आजार समजून घेऊ. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली. तिला खेटून लिंगाच्या ताठरतेच्या नसा जातात आणि तिच्या मागे गुदाशय असतो. म्हणून या ग्रंथीवर काहीही करा, लघवी, संभोग आणि संडास या तिन्हींपैकी कशाला ना कशाला धक्का बसण्याची शक्यता असते. नेमके हेच तीन विषय आपल्याकडे उघड बोलायचे नसतात. त्यात मराठीत काही जण तिला 'पौरुषग्रंथी' म्हणतात. म्हणजे ग्रंथीला इजा झाली की पौरुषच गेले, असा निकाल नावातच लावून ठेवलेला!

मरणाचा प्रश्न आणि जगण्याचा प्रश्न

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची एक मोठी चाचणी झाली. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या पुरुषांची पीएसए ही रक्ततपासणी करून ज्यांचा कॅन्सर ग्रंथीपुरताच मर्यादित होता अशा १,६४३ जणांचे चिठ्ठी टाकावी तसे तीन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याला किरणोपचार दिले, ज्याला आपली माणसे 'शेक' म्हणतात. तिसऱ्या गटाला लगेच काहीच केले नाही. फक्त ठरावीक मुदतीने तपासण्या करून आजारावर नजर ठेवली आणि तो वाढतोय असे दिसले तरच उपचार केले.

पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये जाहीर झाला. प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले एकूण ४५, म्हणजे शंभरात तीनच्या आत. शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, शेकाच्या गटात २.९ टक्के, नजर ठेवलेल्या गटात ३.१ टक्के. हा फरक इतका किरकोळ आहे की अमुक उपचाराने जीव जास्त वाचले असे त्यावरून म्हणता येत नाही. नजर ठेवलेल्या गटात कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. तिथे ते ९.४ टक्के होते आणि बाकीच्या दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. त्या गटातल्या अर्ध्याहून अधिक लोकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावे लागले. पण साधारण चौथा हिस्सा लोक पंधरा वर्षांनंतरही कोणत्याच उपचाराविना जिवंत होते. दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत, म्हणून सांगतो आहे.

आता दुसरा भाग पाहा. या चाचणीत रुग्णांना प्रश्नावली देऊन त्यांचाच अनुभव वेळोवेळी विचारला होता. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४६ टक्के लोक लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. शेकवाल्यांत हे प्रमाण ५ टक्के, नजर ठेवलेल्यांत ४ टक्के. सहा वर्षांनीही शस्त्रक्रियेच्या गटात १७ टक्के लोक पॅड वापरतच होते. संभोगाला पुरेशी ताठरता सुरुवातीला ६७ टक्के लोकांना होती. सहा महिन्यांनी ती शस्त्रक्रियेनंतर १२ टक्क्यांवर, शेकानंतर २२ टक्क्यांवर आणि नजर ठेवलेल्या गटात ५२ टक्क्यांवर आली. पुढे वयानेही सगळ्यांचीच घसरण झाली. संडासचा त्रास मात्र शेकाच्या गटात जास्त. बाराव्या वर्षी त्या गटात १२ टक्के लोकांना नकळत संडास होण्याचा त्रास होता, इतर दोन गटांत त्याच्या निम्मा.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. लवकर सापडलेल्या, ग्रंथीपुरत्या आजारात मरणाचा प्रश्न तिन्ही मार्गांनी जवळपास सारखाच सुटतो. जगण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक मार्गाने वेगळा सुटतो. मग तो मार्ग कोणी निवडायचा? ज्याला त्या शरीरात पुढची वीस वर्षे काढायची आहेत त्याने, की ज्याच्या हातात सुरी किंवा मशीन आहे त्याने?

एक खबरदारी इथेच नोंदवतो. हे आकडे ग्रंथीपुरत्या आजाराचे आहेत. ज्याचा कॅन्सर आक्रमक जातीचा आहे किंवा पसरला आहे, त्याने हे वाचून "आपणही वाट बघू" असे ठरवू नये. तिथे वाट बघणे धोक्याचे आहे.

आपल्या माणसांचे काय होते?

कार्यकर्ता म्हणून रुग्णांसोबत हेलपाटे मारताना जे पाहिले, ऐकले ते सांगतो. नावे सांगत नाही.

एक एसटी चालक. वय छप्पन्न. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. "गाठ निघून जाईल, मोकळे व्हाल," एवढेच सांगितले होते. कॅथेटर निघाला त्या दिवसापासून खोकला तरी लघवी गळायची. लांब पल्ल्याच्या गाडीवर सहा-सहा तास बसणारा माणूस. त्याला आधी सांगितले असते तर त्याने कदाचित शस्त्रक्रियाच निवडली असती. पण रजा आधी मागितली असती, हलक्या कामाचा अर्ज आधी केला असता, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केले असते. हे व्यायाम फुकट आहेत. ते त्याला चौथ्या महिन्यात कळले, तेही दुसऱ्या एका रुग्णाकडून.

दुसरे एक शेतमजूर. त्यांना शेक सांगितला, साडेसात आठवड्यांचा. म्हणजे सदतीस वेळा मशीनखाली. मशीन मुंबईत, घर मराठवाड्यात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर परळचा फूटपाथ आहेच. कापूस वेचणीचा हंगाम गेला, सोबत आलेल्या बायकोचीही मजुरी गेली. आता ऐका. ब्रिटनमधल्याच 'चिप' नावाच्या चाचणीत ३,२१६ रुग्णांवर पडताळून २०१६ मध्ये दाखवून दिले की दर वेळचा डोस थोडा वाढवून वीस वेळांत, म्हणजे चार आठवड्यांत दिलेला शेक सदतीस वेळांच्या शेकाहून कमी पडत नाही. २०२४ मध्ये तर निवडक रुग्णांत पाच वेळांचा शेकही तितकाच चालतो असा निकाल आला. त्याला अचूक, आधुनिक मशीन लागते. प्रत्येकाला तो चालेल असे नाही. पण "साहेब, माझा शेक कमी दिवसांत बसेल का?" हा प्रश्न विचारायला मशीन लागत नाही. पगारी माणसाला सदतीस दिवस म्हणजे रजा. मजुराला सदतीस दिवस म्हणजे कर्ज. डॉक्टरांच्या कागदावर हा 'दुष्परिणाम' म्हणून कुठे लिहिलेला नसतो.

तिसरे, महानगरपालिकेचे निवृत्त सफाई कामगार. कंबर वर्षभर दुखत होती. आयुष्यभर वाकून काम केलेल्या माणसाची कंबर दुखते यात कोणाला काय वाटणार? गोळ्या खात राहिले. पाय जड झाले तेव्हा तपासणी झाली. कॅन्सर हाडांत पोचला होता. या टप्प्यावर पुरुषी हार्मोन थांबवणे हा उपचाराचा पाया असतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. हार्मोन थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचे, नाहीतर एकदाच शस्त्रक्रिया करून दोन्ही वृषण काढायचे. कॅन्सर दाबण्याच्या बाबतीत दोन्ही सारखे. शस्त्रक्रिया स्वस्त, एकदाच होणारी आणि इंजेक्शनच्या तारखा चुकण्याची भीती नसलेली. पण ती परत न फिरणारी.

त्यांचे वृषण काढले. वैद्यकीयदृष्ट्या उपचार चुकीचा नव्हता. दुखणे कमी झाले, ते चालू लागले. पण नेमके काय काढले हे त्यांना शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून कळले. कागदावर अंगठा होता. अंगठा कशावर दिला हे कोणी वाचून दाखवले नव्हते. खेड्यात बैलाला जे करतात त्याला 'खच्ची करणे' म्हणतात. हा माणूस तो शब्द स्वतःसाठी वापरतो आणि लग्नकार्याला जात नाही. अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, रडू येते. हे हार्मोन थांबल्याचे परिणाम आहेत, बहुतेकांना होतात, काहींवर औषधही आहे. हे कोणी सांगितले नाही म्हणून त्यांना वाटते की आपण मनाने खचलो.

इथे गोष्ट संपत नाही. नुसता हार्मोन थांबवून रुग्णाला घरी पाठवण्याचा काळ कधीच मागे पडला आहे. २०१५ मध्ये सिद्ध झाले की त्यासोबत डोसेटॅक्सेल ही केमो दिली तर, विशेषतः आजार जास्त पसरलेला असेल तर, आयुष्य वाढते. २०१७ मध्ये अबिराटेरोन या गोळीबद्दल तेच सिद्ध झाले. तिच्या एका मोठ्या चाचणीत, अर्धे रुग्ण हयात असण्याचा काळ सुमारे ३६ महिन्यांवरून ५३ महिन्यांवर गेला. सतरा महिने! नातवाची पहिली पावले बघण्याएवढा काळ. या गोळीच्या भारतीय कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आहेत. ती घेताना रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृत यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. २०१८ मध्ये ७२ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात असेही दिसले की उपाशीपोटी चार गोळ्यांऐवजी हलक्या नाश्त्यासोबत एकच गोळी घेतली तरी पीएसए तसाच खाली येतो. अभ्यास छोटा आहे, म्हणून हा बदल कोणी मनाने करू नये. पण पैसे नाहीत म्हणून गोळीच बंद करण्याआधी डॉक्टरांना हे विचारता येते. आमच्या त्या कामगाराला 'चार गोळ्या की एक' हा प्रश्नच आला नाही. कारण अशी गोळी आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

दोष रक्तात की व्यवस्थेत?

अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा काळ्या पुरुषांत सुमारे दुप्पट आहे. हे त्यांच्या रक्तातच आहे, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ. पण तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत, जिथे काळ्या-गोऱ्या सगळ्यांना सारखीच दारे उघडी आहेत, ६० हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निदान झाल्यानंतरच्या दहा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू काळ्या रुग्णांत ४.४ टक्के आणि गोऱ्यांत ५.१ टक्के निघाले. म्हणजे काळ्यांत जास्त तर नाहीतच, उलट किंचित कमी. काळ्या पुरुषांना हा आजार होण्याचे प्रमाण जास्त आहे हे खरे. पण झाल्यावर मरायचे की जगायचे हे बऱ्याच अंशी दार उघडे आहे की बंद यावर ठरते. आपल्या वाचकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आणि दार उघडे असूनही मौन काय करते तेही पाहा. लॉइड ऑस्टिन हे अमेरिकेचे पहिले काळे संरक्षणमंत्री. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. १ जानेवारीला संसर्गामुळे पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याच्या मंत्र्याने आपल्या राष्ट्राध्यक्षांनाही हे कळवले नव्हते! पुढे त्यांनी जाहीर माफी मागितली. ज्याच्याकडे सत्ता, विमा, उत्तम रुग्णालय सगळे आहे, त्याच्याही तोंडून शब्द फुटत नाही. मग आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला नावे कशाला ठेवायची?

"त्यांना काय कळणार?"

हे वाक्य मी पांढऱ्या कोटातल्या अनेकांकडून ऐकले आहे. रुग्ण अडाणी आहे, पर्याय सांगून उगाच गोंधळ होईल, आम्ही ठरवतो ते त्याच्या भल्याचेच. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. शिक्षण देताना हीच भाषा होती, मताचा अधिकार देतानाही हीच होती. ज्या माणसाला कोणत्या पावसात पेरायचे आणि कोणत्या सावकाराला टाळायचे हे कळते, त्याला "यात लघवी गळू शकते, त्यात संडासचा त्रास होऊ शकतो, तुम्हाला काय झेपेल?" हे का कळणार नाही? सांगणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगता येत नसेल, तर अडाणी कोण?

डॉक्टरांवर ओपीडीत दोन-दोनशे रुग्णांचा भार आहे, हे मला मान्य आहे. समजावून सांगायला त्यांना वेळ नाही. पण मग समजावणारा समुपदेशक नेमणे ही सरकारची जबाबदारी आहे. वेळ नाही म्हणून अधिकारच नाही, असे होत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. एका स्त्रीला तपासणीसाठी भूल दिली होती. तिच्या स्वतःच्या संमतीविना, आईची संमती घेऊन, तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने सांगितले की संमती खरी हवी. उपचाराचे स्वरूप, त्यातले मोठे धोके आणि असलेले पर्याय रुग्णाला सांगितले पाहिजेत. बाईच्या बीजकोशाला जो न्याय, तोच पुरुषाच्या वृषणाला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्ण हक्कांची सनद खासगी रुग्णालयांत लावणे बंधनकारक केले. किती भिंतींवर ती वाचता येईल अशी लावलेली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या गावात जाऊन बघावे.

दुसरा आक्षेप असा की अनुभव म्हणजे विज्ञान नव्हे. बरोबर. एकाला शेक मानवला म्हणून दुसऱ्याला मानवेल असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा आणि बाबाचा अंगारा हेही 'अनुभवा'च्या नावानेच विकले जातात. म्हणून अनुभव ऐकताना तीन गोष्टी विचारायच्या. आजार कोणत्या टप्प्याचा होता? उपचाराला किती काळ झाला? आधीची तब्येत कशी होती? पण लक्षात घ्या, 'प्रोटेक्ट'मधले पॅडचे आणि ताठरतेचे आकडे रुग्णांनी स्वतः भरून दिलेल्या उत्तरांतून आले आहेत. अनुभव नीट विचारला, मोजला, मांडला की त्याचेच विज्ञान होते.

इंटेल कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांना १९९५ मध्ये हा कॅन्सर निघाला. सर्जन शस्त्रक्रिया सुचवत होते, शेकवाले शेक सुचवत होते. त्यांनी शोधनिबंध मिळवले, आकडे स्वतः आलेखावर मांडले, शेवटी आतून-बाहेरून किरणोपचार निवडला आणि १९९६ मध्ये सगळे मासिकात जाहीर लिहिले. त्यांच्याकडे पैसा होता, वेळ होता, इंग्रजी होती. आपल्याकडे यातले फारसे काही नसते. पण एकाला जे एकट्याने करता आले, ते दहा जणांना मिळून करता येते. त्यासाठीच तर संघटन असते.

मग काय करायचे?

पहिले, दवाखान्यात जाताना प्रश्न लिहून न्या. माझा आजार ग्रंथीपुरता आहे की पसरला आहे? ग्लिसन स्कोअर किती? माझ्यासाठी कोणकोणते पर्याय आहेत? प्रत्येकात लघवी, संभोग, संडास यांचे सहा महिन्यांनी आणि पाच वर्षांनी काय होईल? किती खेपा, किती दिवस? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते आणि पुढची इंजेक्शने-गोळ्या बसतात का? दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याइतका वेळ आहे का?

दुसरे, बायकोला आत न्या. ओली चादर ती धुते, रात्री ती उठते, आणि निर्णयाच्या वेळी ती बाहेरच्या बाकावर बसलेली असते. संभोगाचा प्रश्न एकट्या पुरुषाचा असतो हे कोणी ठरवले?

तिसरे, पन्नाशीनंतर लघवीचा त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा तो साध्या वाढीचाच असतो, म्हणून घाबरू नका. पण न हटणारी कंबरदुखी, वजन घटणे आणि पायांतली शक्ती जाणे याला 'कामाचे दुखणे' म्हणून गोळ्यांवर काढू नका. पायांतली शक्ती अचानक जात असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सुरुवातीला या आजाराची लक्षणे बहुधा नसतात, म्हणून पीएसए तपासणी करायची की नाही यावर डॉक्टरांशी बोला. घरात वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर नक्कीच बोला.

चौथे, विहारात, मंडळात, युनियनमध्ये ज्यांनी उपचार घेतले आहेत त्यांनी महिन्यातून एकदा तासभर बसावे. एका उपचाराची भलामण करायला नव्हे, आपापला अनुभव सांगायला. आणि सरकारकडे मागावे की प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात मराठीत समजावणारा समुपदेशक हवा, संमतीचा कागद वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि पॅड, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचाही हिशेब योजनेत धरला पाहिजे.

येत्या काळात हे टाळता येणार नाही. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज मांडला आहे की जगात दरवर्षी निघणारे प्रोस्टेट कॅन्सरचे नवे रुग्ण २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील, आणि ही वाढ मुख्यतः गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होईल. आपली माणसे आता सत्तरी गाठू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्या वयाचे आजारही सोबत येणार.

मराठीत 'चिकित्सा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. उपचार करणे आणि प्रश्न विचारून तपासणे. आपण धर्माची चिकित्सा केली, इतिहासाची केली. स्वतःच्या देहावर चालणाऱ्या सुरीची, मशीनची आणि गोळीची चिकित्सा करायला मात्र आपल्याला लाज वाटते. पहिल्या अर्थाची चिकित्सा डॉक्टरांनी करावी. दुसऱ्या अर्थाची ज्याने त्याने करायची आहे, आणि ती ऑपरेशनच्या आधी करायची आहे.